आई घोड्यावरून येते

समुद्रात उभा असलेला एक किल्ला. भरती आली की तो जगापासून तुटतो, ओहोटी लागली की खडकांमधली वाट उघडी पडते. किल्ल्याच्या चौकात सतरा वर्षांची नवी नवरी गुडघे टेकून बसली आहे. अंगात पांढरा मलमलीचा झगा, गळ्यात माणकांचा घट्ट पट्टा, मान ठोकळ्यावर. नवऱ्याने तलवार उगारली आहे. तेवढ्यात बाहेर टापा वाजतात. नवरा बिचकतो, अगदी क्षणभरच, आणि तेवढ्या क्षणात ती पोरगी ताडकन उठते, दरवाजाकडे धावते, अडसर ओढायला लागते. चढत्या पाण्यातून घोडा दामटत आत कोण येतं? भाऊ नाही, राजपुत्र नाही. पांढरे केस वाऱ्यावर सुटलेले, झगा कमरेशी खोचलेला, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात दिवंगत नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर. मुलीची आई!

मी ओरडले. निजानीज झालेल्या घरात, रात्री, खरोखर मोठ्याने ओरडले. मग पुस्तक छातीशी धरून खोलीत येरझारा घातल्या, पुन्हा ते पान काढलं, पुन्हा वाचलं. तेव्हापासून जो भेटेल त्याला थांबवून मी हीच गोष्ट सांगत सुटले आहे, आणि आता ती लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गोष्टीचं नाव 'द ब्लडी चेंबर'. लेखिका अँजेला कार्टर. १९७९ साली याच नावाचा तिचा कथासंग्रह निघाला. त्यात दहा कथा आहेत आणि त्यातली ही पहिली, सगळ्यांत लांब. तिच्या तळाशी एक फार जुनी, फार काळी परीकथा आहे: निळ्या दाढीवाल्याची. सिंड्रेला आपल्या घराघरांत पोचली, लाल टोपीवाली पोचली, हा दाढीवाला तितकासा पोचला नाही. लहान मुलाला झोपवताना कोण सांगणार ही गोष्ट?

शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने ती १६९७ साली छापली. एक गडगंज श्रीमंत माणूस, दाढी निळी, म्हणून बायका त्याला बघून घाबरतात. त्याची आधी बरीच लग्नं झालेली, आणि त्या बायकांचं पुढे काय झालं हे कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्या घरातली धाकटी मुलगी त्याच्या मेजवान्यांना भुलून लग्नाला तयार होते. महिनाभराने तो कामासाठी परगावी निघतो, सगळ्या चाव्या तिच्या हवाली करतो आणि बजावतो, सगळं उघड, फक्त ही लहान चावी लावून तळमजल्यावरची ती खोली उघडू नकोस. ती अर्थातच धावत जाते. इतकी घाईने, की जिन्यावरून पडून मान मोडता मोडता वाचते. आत रक्त थिजलेलं आणि भिंतीला आधीच्या बायका. घाबरून चावी हातून पडते, तिला रक्त लागतं आणि ते काही केल्या निघत नाही. वाळूने घासलं, एका बाजूने पुसलं, की दुसऱ्या बाजूला उमटतं. नवरा त्याच संध्याकाळी परत येतो. मरणाआधी प्रार्थनेसाठी थोडा वेळ मागून ती बहिणीला बुरुजावर पाठवते, बहीण वरून धुळीशिवाय आणि गवताशिवाय काही दिसत नाही म्हणून सांगत राहते, आणि अगदी शेवटी दोन भाऊ घोड्यांवरून येऊन दाढीवाल्याला मारतात.

गोष्ट जबरदस्तच आहे. तीनशेहून अधिक वर्षं ती माणसांच्या मानगुटीवर बसली आहे, बार्टोकसारख्या संगीतकाराने तिच्यावर ऑपेरा रचला, ते उगाच नाही. पण पेरोने शेवटी तात्पर्य काय लावलंय? बायकांचं कुतूहल वाईट, क्षणाच्या सुखाची किंमत जबर पडते! भिंतीला इतक्या बायका टांगलेल्या, आणि बोल कुणाला, तर दार उघडणारीला. पुढे दुसरं तात्पर्यही आहे. हे सगळं पूर्वी घडायचं, आताचे नवरे कुठे असे राहिलेत, हल्ली घरात धनी कोण हेच कळत नाही, असं. मी ते वाचलं आणि संतापाने पुस्तक मिटलं.

त्या १६९७च्या पुस्तकाच्या सुरुवातीचं चित्र मात्र मला फार आवडलं. एक म्हातारी शेकोटीपाशी बसून सूत कातते आहे, पोरं तिच्याभोवती ऐकत बसली आहेत, वर पाटी आहे, हंसमावशीच्या गोष्टी अशा अर्थाची. म्हणजे सांगणारी बाई आहे हे छापणाऱ्यालाही ठाऊक होतं. नाव मात्र म्हातारीचं नाही, ते पेरोच्या मुलाचं घातलेलं, आणि तात्पर्य फ्रेंच अकादमीत बसणाऱ्या पेरोचं. त्या म्हातारीने ही गोष्ट संपवताना काय म्हटलं असेल? कातता कातता तिने पोरींकडे कसं बघितलं असेल? कार्टर वाचताना मला सतत वाटत राहिलं की ती त्या म्हातारीला बोलायला लावते आहे.

कार्टरबद्दल थोडं सांगते. जन्म १९४०, इंग्लंडमधल्या ईस्टबर्नचा. युद्धाच्या दिवसांत यॉर्कशायरमध्ये आजीपाशी राहिली. १९६९ साली सॉमरसेट मॉम पुरस्कार मिळाला, त्या पैशांवर ती नवऱ्याला सोडून थेट जपानला गेली आणि टोकिओत राहिली. बाई असणं म्हणजे काय हे आपल्याला जपानमध्ये कळलं असं तिने पुढे लिहून ठेवलं. आणि १९७७ साली तिने पेरोच्या या कथांचं इंग्रजी भाषांतर केलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भाषांतर करणाऱ्याला वाक्य चुकवून पुढे जाता येत नाही. कुतूहलाचं ते तात्पर्य तिला स्वतःच्या हाताने इंग्रजीत उतरवावं लागलं, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी 'द ब्लडी चेंबर' आलं. १९९२ साली, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, ती गेली. हे कळलं तेव्हा जवळचं कुणी गेल्यासारखं मला रडू आलं.

आता गोष्टीकडे, कारण खरी गंमत तिथेच आहे. स्त्रीवादी पुनर्कथन म्हटलं की पुष्कळदा नायिकेच्या हाती तलवार दिली जाते, तिच्या तोंडी चार खणखणीत वाक्यं घातली जातात आणि काम भागवलं जातं. कार्टर असलं काही करत नाही. ती पहिल्याच वाक्यापासून नायिकेला 'मी' म्हणायला लावते. पेरोच्या गोष्टीत जिला नावसुद्धा नाही ती इथे आठवून आठवून, स्वतःला न वाचवता सगळं सांगते. पॅरिसमध्ये पियानो शिकणारी, गरिबीत वाढलेली पोर. वडील लढाईत गेलेले. तिच्याहून कितीतरी मोठा, तीनदा लग्न झालेला एक सरदार, मार्किस, तिला मागणी घालतो. आई विचारते, तुझं प्रेम आहे ना त्याच्यावर? मुलगी म्हणते, लग्न मात्र मला त्याच्याशीच करायचंय. उत्तर कसं प्रश्नाच्या शेजारून निघून जातं पाहा! आईला ते कळतं, आणि आपल्यालाही.

लग्नाच्या आदल्या रात्री तो तिला ऑपेराला नेतो. गळ्यात तो माणकांचा पट्टा, त्याने दिलेला. त्याची आजी फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनपासून वाचली होती. सुटलेले सरदार तेव्हा गळ्यात लाल फीत बांधत, पातं जिथे पडलं असतं बरोबर तिथे. या आजीने ती फीत माणकांत घडवून घेतली होती. आता तीच या पोरीच्या गळ्यात. आरशात तिला दिसतं की नवरा चष्म्याच्या एकाच भिंगातून आपल्याकडे बघतोय, खाटकाच्या दुकानात मांस पारखणाऱ्या गिऱ्हाइकासारखा. आणि मग कार्टर ते लिहिते जे लिहायला धाडस लागतं. मुलीला त्या नजरेची नुसती भीती वाटत नाही. तिला स्वतःतही काहीतरी हललेलं जाणवतं आणि त्याने ती हादरते. तिला पैसा हवा आहे, ते दागिने हवे आहेत, ती नजरही थोडी हवी आहे. मला वाटतं, इथे कथा घोषणेच्या फार वर उठते. छळ सोसणारी बाई निष्पाप बाहुली असली तरच तिची बाजू घ्यायची, हा हिशेबच कार्टर फाडून टाकते.

चावीचंही तसंच. पेरो म्हणतो तिने आज्ञा मोडली. कार्टरची नायिका शेवटी म्हणते की मी तर तेच केलं, जे मी करणार हे त्याला आधीच माहीत होतं. वाचताना अंगावर काटा आला. ज्याला खोली खरंच लपवायची आहे तो चावी खिशात घालून नेईल. जुडग्यात ती ठेवून, बोटाने दाखवून, हीच तेवढी लावू नकोस म्हणणारा माणूस शिक्षेची तयारी करूनच घराबाहेर पडलेला असतो. कुतूहल हा गुन्हा नाहीच, तो सापळ्यातला खाऊ आहे. तीनशे वर्षं हे कथेत डोळ्यांसमोर होतं!

आणि ती त्या खोलीत गेल्यावर? आत आधीच्या तिघी आहेत: एक ऑपेराची गायिका, एक चित्रकारांची मॉडेल, एक रुमानियन सरदारीण. त्यांचं काय केलंय ते मी सांगणार नाही, तुम्ही स्वतः वाचा. मी सांगते ती गोष्ट वेगळी. ती पोर लगेच पळत नाही. ती एकेक मेणबत्ती लावत जाते, एकेकीला बघते, ओळखते. आईच्या अंगातलं धैर्य आपल्या अंगात आलं असं तिला वाटतं. पेरोच्या गोष्टीत भिंतीला टांगलेल्या नुसत्या 'आधीच्या बायका' होत्या, त्यांना या कथेत व्यवसाय मिळतो, चेहरा मिळतो, भेटायला आलेली एक बाई मिळते.

पण मला झपाटून टाकलं ते नळांनी. हो, नळ!

मार्किस लग्नानंतर लगेच न्यूयॉर्कला निघतो म्हणून सांगून जातो. प्रचंड वाड्यात एकटी पडलेली मुलगी आईला टेलिफोन लावते आणि बोलायच्या ऐवजी रडायला लागते. काय झालं, असं आई विचारते. काही नाही गं, न्हाणीघरातले नळ सोन्याचे आहेत, एवढंच ती सांगते. छोट्या डॉल्फिनच्या आकाराचे सोन्याचे नळ, डोळ्यांत पिरोजे बसवलेले. तिकडून आई क्षणभर काही बोलत नाही. फोन संपतो, आणि कथा पुढे चाव्यांकडे, दारांकडे, त्या खोलीकडे जाते. आपण आईला विसरून जातो.

मी ही कथा माझ्या आईला मराठीत सांगत होते. ती मेथी निवडत बसली होती. एरवी माझ्या पुस्तकी उत्साहाला ती 'हं, हं' करत राहते. मी नळांपाशी आले, फोन ठेवला असं सांगितलं आणि पुढच्या पानाकडे वळले, तोच ती मान वर न करता म्हणाली, "निघाली असेल ती."

"कोण?"

"कोण म्हणजे? आई. मुलगी सोन्याच्या नळांवरून रडते, म्हणजे काय ते कळत नाही होय?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. कारण कथेत अगदी हेच आहे! शेवटी कळतं की फोन ठेवल्याबरोबर आईने रात्रीची गाडी पकडली होती. सुखात असताना माझी मुलगी कधी रडली नव्हती, म्हणून. आडबाजूच्या स्टेशनवर भाड्याची गाडी मिळाली नाही, तर तिने एका गोंधळलेल्या शेतकऱ्याचा म्हातारा घोडा मागून घेतला, कारण भरतीच्या आधी पोचायलाच हवं हे तिला आतून कळलं होतं. ही बाई काही सामान्य नाही. इंडोचायनातल्या मळेवाल्याची मुलगी, अठराव्या वर्षी हनोईच्या उत्तरेच्या डोंगरात नरभक्षक वाघ मारलेली, प्रेमापायी श्रीमंती सोडून एका सैनिकाशी लग्न केलेली. हे सगळं कार्टरने पहिल्याच पानांवर सांगून ठेवलंय, आणि मी ते एक गमतीदार तपशील म्हणून वाचून सोडलं होतं. शेवटी तीच बाई रिव्हॉल्व्हर उचलते आणि एका गोळीत मार्किसच्या डोक्याचा वेध घेते. वाघाला घेतला होता तसाच.

त्या संध्याकाळी आई बराच वेळ बोलत राहिली. तिच्या वेळी सासरहून येणारी पत्रं कशी असायची, 'मी मजेत आहे' हे वाक्य किती हातांनी किती वेळा लिहिलं असेल, आणि माहेरची माणसं ते वाचून कशी निश्चिंत व्हायची, किंवा निश्चिंत झाल्याचं दाखवायची. 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणून पाठवणी करायची आपल्याकडे रीतच. मला हिरकणी आठवली, रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्यासाठी काळोखात कडा उतरून गेलेली. पण लग्न होऊन गेलेल्या लेकीसाठी कडा उतरणारी, रात्रीची गाडी पकडणारी आई आपल्या कहाण्यांत मला पटकन आठवेना. असली तर मला सांगा, मी ऐकायला आतुर आहे.

यानंतर मी कथा पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि वेगळंच काही दिसायला लागलं. मार्किस बघतो. भिंगातून बघतो, आरशांतून बघतो, शयनगृहात त्याने बारा आरसे लावलेत. त्याला संगीताची आवड आहे खरी, पण बायका तो चित्रांसारख्या जमवतो. उलट या मुलीवर ज्यांचा जीव आहे ते दोघे तिला ऐकतात. पियानोला सूर लावणारा जां-ईव्ह आंधळा आहे, तो तिच्या वाजवण्याच्या प्रेमात पडतो. आई टेलिफोनवरचा हुंदका ऐकते. अख्खी कथा अशी बघणारा एकीकडे आणि ऐकणारे दुसरीकडे, अशी वाटून दिलेली आहे! बंदूक ही या कथेतली शेवटची गोष्ट. कार्टरने जो खरा पालट केला तो टेलिफोनच्या तारेवर केला, रडणं ऐकून उठणाऱ्या एका बाईला कथेत आणून.

कार्टरवर टीकाही झाली आहे. पॅट्रिशिया डंकर या लेखिकेने १९८४ साली मुद्दा मांडला की परीकथेचा साचाच पुरुषी, त्याच्यात राहून तो मोडता येत नाही, आणि कार्टर त्यात अडकते. मी हे गंभीरपणे घेते. कथेतली ती मखमल, ती लिली, तो चामड्याचा वास, हे सगळं इतकं मोहक आहे की आपणही मार्किसच्या नजरेने बघायला लागतो, हे खोटं नाही. जां-ईव्हही मला जरा फिकट वाटतो, फारच गरीब स्वभावाचा. पण साचा मोडत नाही हे मला पटत नाही, कारण साचा कुठला? ग्रिम बंधूंच्या संग्रहातच 'फिचर्स फोगेल' नावाची याच कुळातली एक कथा आहे. तिथे जादूगार चावीबरोबर एक अंडं देतो, सतत जवळ बाळगायला. दोघी बहिणी ते घेऊन मनाई केलेल्या खोलीत शिरतात, अंडं रक्तात पडतं, आणि दोघी मरतात. तिसरी काय करते? अंडं आधी नीट जागेवर ठेवून देते आणि मग आत जाते! बहिणींचे तुकडे जोडून त्यांना जिवंत करते, टोपलीत घालते, आणि त्या जादूगाराच्याच पाठीवरून दोघींना माहेरी पाठवते. स्वतः मधात आणि पिसांत लोळून पक्षी बनून निसटते. कुतूहलाबद्दल तिला कुणी बोल लावत नाही. सांगणाऱ्या बायकांपाशी ही दुसरी वाट आधीपासून होतीच. कार्टरने ती पुन्हा रुळवली, आणि तिच्यावरून थेट आईला आणलं.

शेवटही पाहा. पेरोची विधवा नवऱ्याच्या पैशातून बहिणीचं लग्न लावते, भावांना कप्तानपदं विकत घेऊन देते आणि स्वतः एका भल्या गृहस्थाशी लग्न करते. कार्टरची नायिका संपत्ती बहुतेक वाटून टाकते, किल्ल्यात अंधांची शाळा निघते, आणि ती पॅरिसजवळ लहानशी संगीतशाळा काढून आई आणि जां-ईव्हबरोबर राहते. मात्र मार्किसने ती चावी तिच्या कपाळावर दाबली होती तिथला लाल डाग जात नाही. पावडरने झाकला जात नाही. कार्टर तो पुसून देत नाही याबद्दल मी तिची ऋणी आहे.

बाकीच्या नऊ कथांत मी आता पोहते आहे. 'ब्यूटी अँड द बीस्ट' तिने एकाच संग्रहात दोनदा लिहिली, अशी हिंमत मी कुठे पाहिली नव्हती. एकीत श्वापदाचा माणूस होतो, जुन्या रीतीप्रमाणे. दुसरीत, 'द टायगर्स ब्राइड'मध्ये, जुगारी बाप पत्त्यांच्या डावात मुलगी हरतो, आणि शेवटी वाघ तिला चाटत जातो तसतशी तिची कातडी निघून खालून चमकदार फर उगवते. तिला माणूस व्हायचंच नाही! माझी एक मैत्रीण म्हणते हा पराभव आहे, बापाकडून सुटून ती दुसऱ्याच्या जनावरपणात विरघळली. मी म्हणते वाघीण झाली, विरघळली कुठे? फोनवर आमचं तासन्‌तास भांडण चाललंय, आणि पुढच्या आठवड्यात ती घरी येते आहे तेव्हा मी 'द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज' तिच्यापुढे टाकणार आहे, कारण तिथली लाल टोपीवाली लांडग्याच्या तोंडावर खदखदून हसते, आणि त्यावर मैत्रीण काय म्हणते ते मला ऐकायचंच आहे.